मोजणीत नसलेली ताई

भावजींनी रेल्वेची नोकरी मुदतीआधी सोडली आणि इथे मध्य प्रदेशात, भैरवगढला चादरींचं दुकान काढलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. भावजी म्हणजे माझ्या आतेबहिणीचे यजमान. तिला मी ताई म्हणते. ताई गिऱ्हाइकापुढे ठप्प्यांनी छापलेल्या चादरी उलगडायची, भावजी चहा मागवायचे आणि भाव करताना हमखास हरायचे. दुकान तरीही चाललं.

त्या दुपारी मी कॉलेजात होते. संख्याशास्त्र शिकवते मी. दुकानाशेजारच्या रंगाऱ्याचा फोन आला. "मॅडम, जल्दी आइए," एवढंच तो म्हणाला आणि फोन चालू ठेवून रडायला लागला.

दोन माणसं गिऱ्हाईक म्हणून आली होती. लग्नात द्यायला चादरी हव्यात म्हणाली. ताई वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायला स्टुलावर चढली, तेवढ्यात एकाने चाकू काढला आणि गल्ल्याकडे गेला. भावजी आडवे आले. वार बसला आणि ते तिथेच, चादरींच्या ढिगावर कोसळून गेले. ताई ओरडत खाली उतरली तर त्याने तिच्याही पोटात चाकू खुपसला. ती मेली असं समजून दोघं गल्ला घेऊन पळाले.

मी पोचले तेव्हा ताईला गाडीत घालत होते. रंगाऱ्याने स्वतःचा गमछा तिच्या पोटावर दाबून धरला होता. मी तिला हाक मारली. तिने डोळे उघडले आणि विचारलं, "यांना पाणी दिलं का?"

भावजींच्या अस्थी तिच्या दिराने रामघाटावर शिप्रेत सोडल्या. ताई तेव्हा आयसीयूत होती. शुद्धीवर आल्यावर ती रडली नाही. एकटक छताकडे बघत राहायची. मलाही रडू येत नव्हतं. कढी उतू जाताना बघत उभी राहायचे, गॅस बंद करायचं सुचायचं नाही.

आरोपी पकडले गेले. रंगाऱ्याच्या तक्रारीवरून जी एफआयआर झाली होती तिच्यात तिन्ही गोष्टी होत्या: भावजींचा खून, ताईच्या खुनाचा प्रयत्न आणि लूट. मग कोर्टात पेशीवर पेशी सुरू झाल्या. ताई प्रत्येक तारखेला काठी टेकत जायची. तिचं बयान झालं, दोघांना तिने ओळखलं. बचावाच्या वकिलाने उलटसुलट विचारलं तरी ती डगमगली नाही.

निकाल यायचा होता तेव्हाच पेपरात बातमी आली, देशभरातल्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल निघाल्याची. ताई रिक्षा करून माझ्याकडे आली.

"त्याच वर्षाचा आहे ना? आमचं असेल ना गं त्यात? दाखव मला."

मी लॅपटॉप उघडला. मध्य प्रदेशची ओळ काढली, खुनाच्या रकान्यावर बोट ठेवलं. ताईने चष्मा लावला आणि त्या आकड्याकडे खूप वेळ बघितलं.

"यात हे आहेत?"

"हो."

"आणि मी?"

मी खुनाच्या प्रयत्नाचा रकाना शोधायला लागले आणि हात थांबला. हा नियम मी वर्गात कितीतरी वेळा शिकवला होता. एका एफआयआरमध्ये कितीही गुन्हे असले तरी राष्ट्रीय मोजणीत त्यातला सगळ्यात गंभीर एकच धरतात. एकच घटना चार ठिकाणी मोजली जाऊ नये म्हणून. मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात. तेच मी ताईला सांगितलं.

"म्हणजे मी नाहीच?" ती म्हणाली.

"खटल्यात आहेस, ताई. फक्त या आकड्यात..."

"चल, विचारू त्यांना."

मी म्हटलं, उपयोग नाही. ती उठून चपला घालत होती.

पोलिसांच्या कार्यालयात आकडे पाठवणारा एक सब-इन्स्पेक्टर भेटला. सभ्य माणूस होता. उठून उभा राहिला, ताईला खुर्ची दिली.

"माताजी, फाइल में सब है. धारा सब लगी है. बस गिनती में सबसे बड़ा वाला जाता है."

"और मैं?"

"आप तो बच गईं ना, भगवान की दया से."

ताई खुर्चीत पुढे सरकली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "मैं भी मर जाती, तो गिनती में आती?"

उत्तर मला माहीत होतं. एकाच गुन्ह्यात दोघांचा खून झाला असता तर बळींच्या रकान्यात दोन लिहिले गेले असते. मी खिडकीबाहेर बघायला लागले. सब-इन्स्पेक्टरने पाण्याचा ग्लास ताईपुढे सरकवला आणि खाली बघत म्हणाला, "जी."

परत येताना ती रिक्षात एकदाच बोलली. "त्याचा काही दोष नाही गं."

निकालाच्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले होते. न्यायाधीशांनी खुनाची शिक्षा वाचली. ताईने डोळे मिटले. मग ते थांबले, पान उलटलं आणि तिच्यावरच्या हल्ल्याची शिक्षा वेगळी वाचायला लागले. तिचं पूर्ण नाव, तिचं वय, तिच्या जखमा. ताईने झटकन माझा हात धरला. सरकारी वकील पुढेच बसले होते. त्यांच्या कोटाची बाही ओढून तिने विचारलं, "ये मेरा है?"

"जी, ये आपका है," ते म्हणाले.

तेव्हा ती रडली. भर कोर्टात, मोठ्याने, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. शिपाई पुढे यायला निघाला तर न्यायाधीशांनीच त्याला हाताने थांबवलं आणि तिचं रडणं ओसरेपर्यंत लुटीची शिक्षा वाचली नाही.

बाहेर आल्यावर देवास गेटपर्यंत आम्ही चालतच गेलो. ताईला भूक लागली होती. आम्ही पोहे मागवले, वर शेव जरा जास्तच घालायला सांगितली, आणि तिने दोन प्लेटी खाल्ल्या.