इत्यादीत कोण हाय?

‘इत्यादी’ हा शब्द दिसला की कदम सरांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशातल्या लाल पेन्सिलीकडे जायचा. मुलांच्या निबंधात ते तो खोडायचेच, पण लग्नपत्रिकेत खोडायचे, सिनेमाच्या हँडबिलावर खोडायचे, आणि एकदा मुख्याध्यापकांच्या परिपत्रकातही त्यांनी तो खोडला होता. नुसतं खोडून माणूस गप्प बसेल तर ते कदम सर कसले! ते विचारायचे, “इत्यादीत कोण हाय?” परिपत्रकात ‘शिक्षक, लिपिक इत्यादींनी वेळेवर हजर राहावे’ असं होतं. इत्यादीत शिपाई मारोती होता, आणि अख्ख्या शाळेत वेळेवर येणारा तो एकटाच होता.

परभणी स्टेशनसमोर रज्जाकभाईंचं हॉटेल होतं. भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘येथे चहा, कॉफी, दूध इत्यादी मिळेल.’ सर बाकावर बसले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “रज्जाकभाई, एक प्लेट इत्यादी द्या.”

“क्या सर, सुबे सुबे!”

“मिळंल म्हणून तुमीच लिव्हलंय की.”

“पेंटर बोला जगा बची है, कुछ तो डालो. डाल दिया. इत्यादी बोले तो भजे, और क्या?”

“मग भजे लिव्हा. भज्याला लाज वाटायलीय का स्वतःच्या नावाची?”

पुढच्या आठवड्यात भिंतीवर ‘भजे’ आले. चुना पातळ होता, त्यामुळे भज्यांच्या आतून जुना इत्यादी कितीतरी वर्षं डोकावत राहिला. सर आले की रज्जाकभाई तिथे टॉवेल वाळत टाकायचे.

बाबाराव कदम आमच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि मी भूगोल. वर्गात त्यांची भाषा इस्त्री केलेली असायची. घंटा झाली की ते आपल्या सोनपेठकडच्या बोलीत उतरायचे आणि मोकळे व्हायचे. मी शाळेत लागले ती नामांतराच्या दंगलीनंतर. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला, आणि गावोगावी आम्हा बौद्धांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. आमची वस्ती त्यातलीच. आई माझ्याकडे परभणीला आली ती पुन्हा गावी गेलीच नाही.

पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांनी गाव विचारलं. मी सांगितलं. “म्हंजे ओढ्यापल्याडचं. मग आपण गाववालेच की, खंदारे बाई!” ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज बसला. ओढ्याअलीकडे त्यांच्या घराण्याची जमीन, वाडी, सगळा बारदाना. त्या रात्री ओढा ओलांडून कोण आलं होतं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही पुढे कितीतरी दिवस व्याकरणावर बोललो. व्याकरण हा फार सोयीचा विषय आहे.

अशात सरांना तिकडच्या, म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या, एका ज्ञानकोशाच्या कचेरीचं पत्र आलं. कोशात ‘परभणी’ अशी नोंद हवी होती, चारशे शब्दांत. सर पत्र घेऊन वर्गावर्गांतून फिरले. त्यांचं नाव आजवर छापून आलं होतं ते फक्त मतदारयादीत, आणि तिथेही बाबारावचं ‘बाबुराव’ झालेलं. कोशात मात्र नोंदीखाली लेखकाचं नाव येणार होतं. “कदम, बाबाराव,” ते हवेत बोटाने लिहून दाखवायचे. “आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. बाई, मधी स्वल्पविराम मिळाल्याबिगर माणूस मोठा होत न्हाई.” साठीला आलेल्या माणसाला एका स्वल्पविरामाचं एवढं वेड लागलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

बातमी फुटली आणि सरांच्या ओसरीवर दरबार भरू लागला. ज्याला त्याला परभणीच्या नोंदीत काहीतरी घालायचं होतं. एकाला आपल्या आजोबांचा तालीमखाना, एकाला आपलं कापसाचं जिनिंग. चारठाण्याचे एक गृहस्थ तिथली जुनी देवळं घेऊन आले. सर म्हणाले, “देवळं लय देखणी हायत, पण ती चारठाण्यात हायत.” गृहस्थ म्हणाले, “जिल्हा तर एकच हाय ना?” एक उत्साही तरुण म्हणाला, “सर, ते ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ घालाच. त्याच्याबिगर परभणी म्हंजे काय!” सरांनी त्याला शांतपणे सांगितलं, “जर्मनीच्या नोंदीत परभणी हाय का बघून या. असंल तर घालतो.” तो जो गेला तो आलाच नाही. बहुतेक अजून बघतोय.

या गर्दीला तोंड द्यायला सरांनी एक कसोटी काढली. “ही गोष्ट उचलून जालन्यात नेऊन ठेवली, तर कुणाला कळंल का?” कळणार नसेल तर ती नोंदीत नाही. शाळा, बँका, टॉकीज असं बरंच काही जालन्याला गेलं. कृषी विद्यापीठ राहिलं, दर्ग्याचा उरूस राहिला, कापूस राहिला. नगरपालिकेतले एक पुढारी होते, त्यांना सगळे बप्पा म्हणत. त्यांनी चौकात स्वतःच्या हस्ते कारंजं बसवलं होतं.

“बप्पा, तुमचं कारंजं जालन्याला नेलं तर?”

“नेऊन काय करता? तिथं पाणी कुठं हाय?”

“हितं कुठं हाय?”

बप्पा उठून गेले. जाताना चहाही अर्धा टाकून गेले, यावरून त्यांना किती लागलं होतं ते समजावं.

नोंद पुरी झाली तेव्हा सरांनी मला रज्जाकभाईंच्या हॉटेलात बोलावलं आणि खड्या आवाजात वाचून दाखवली. सुरेख उतरली होती. सीमा, नद्या, निजामाचा काळ, बाजारपेठ, सगळं जागच्या जागी. शेवटाकडे एक वाक्य आलं, ‘शहरात हिंदू, मुस्लिम, जैन इत्यादी समाजांचे लोक राहतात.’ सर पुढे वाचत गेले. शंभर ठिकाणचा इत्यादी खोडणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडून निघालेला इत्यादी ऐकूसुद्धा आला नाही.

मला हसू आलं. मी म्हटलं, “सर, इत्यादीत कोण हाय?”

ते थांबले. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कान लाल झाले त्यांचे. रज्जाकभाई भजी घेऊन आले होते, ते ताटली तशीच हातात धरून उभे राहिले.

“चारशे शब्दांत बसत नव्हतं...” सर म्हणाले.

“बौद्ध एकच शब्द आहे, सर. इत्यादीपण एकच.”

कागदाची घडी घालत ते म्हणाले, “बौद्ध लिव्हलं की त्या सालाचं लिवावं लागतंय, बाई. पेन त्याच्या जवळ गेला, का आपोआप वळतोय. आणि ते जालन्यालाबी झालंय. सगळीकडंच झालंय. माझ्या कसोटीला बसत न्हाई.”

“माझी आई जालन्याला नव्हती, सर.” एवढं बोलून मी उठले. चहाचे पैसे द्यायचंही भान राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्या वर्गाच्या दारात उभे. हातात कागद. त्यात ‘बौद्ध’ आला होता आणि एक नवं वाक्यही, ‘१९७८ मध्ये नामांतराच्या प्रश्नावरून झालेल्या दंगलीत परिसरातील बौद्ध वस्त्यांतील घरे जळाली.’

मी विचारलं, “क्रियापद कोणतं, सर?”

“अकर्मक,” ते पुटपुटले.

“म्हणजे घरं आपली आपण जळाली? कंटाळून?”

त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली, ‘जळाली’ खोडलं आणि ‘जाळली’ लिहिलं. मग पेन्सिल तशीच टेकवून उभे राहिले. “आता कर्ता लागतोय. लिव्हायचा तर आडनावासकट लिवावा लागंल, बाई. घरातलंच हाय.”

मला जे इतकी वर्षं विचारायचं नव्हतं ते त्यांनी असं व्याकरणातून सांगून टाकलं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली. दोन्ही एकदम येऊ शकतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी सावकाश लिहिलं, ‘घरे जाळण्यात आली.’ म्हणाले, “कर्मणी प्रयोग म्हंजे भित्र्या माणसाची सोय. पण कोशाची भाषा हीच. एवढा भित्रेपणा पदरात घ्या.” मी घेतला.

घरी आईला सांगितलं, की आपल्या वस्तीचं आता मोठ्या पुस्तकात येणार. आई ज्वारी निवडत होती. म्हणाली, “पुस्तकात आलं म्हंजे घरावर पत्रे पडत्यात का?” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “कवा येणार हाय?”

वाक्याची बातमी शाळेतून फुटली आणि बप्पांनी ती गावोगाव पोचवली. कारंज्याचा राग त्यांनी असा काढला. ‘कदम सर आपल्याच लोकांचं नाव बुडवायलेत’ असं सोनपेठच्या बाजारात बोललं जाऊ लागलं. त्या हिवाळ्यात सरांच्या थोरल्या भावाकडून हुरड्याचं बोलावणं आलं नाही. दरवर्षी एसटीच्या टपावरून येणारं ज्वारीचं पोतंही आलं नाही. सर म्हणायचे, “परभणीत ज्वारी इकत मिळती, हे नोंदीत घालायचं राहिलंच की!” त्यांच्या बायकोने मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. वर्षभर तरी टाकलं असेल.

मग कोशाच्या कचेरीतून उत्तर आलं. नोंद उत्तम आहे, भाषा प्रासादिक आहे, तथापि १९७८चे वाक्य शहराच्या नोंदीत अप्रस्तुत वाटते. त्याऐवजी ‘अलीकडच्या काळात परिसरात काही सामाजिक घडामोडी झाल्या’ असे सुचवीत आहोत. संमती कळवावी.

“घडामोडी!” सर ओरडले. “काय घडलं ते न्हाई, काय मोडलं तेबी न्हाई. नुसत्या घडामोडी!” त्यांनी तिथल्या तिथे पोस्टकार्ड लिहायला घेतलं, की वाक्य आहे तसं ठेवा, नाहीतर नोंदीखालचं माझं नाव काढा.

खरं सांगते, मीच घाबरले. म्हटलं, “सर, वाक्य ते काढणारच. तुमचं नाव तरी राहू द्या. इतक्या वर्षांची हौस तुमची.”

“घडामोडीखाली माझा स्वल्पविराम? न्हाई, बाई.” आणि कार्ड स्वतः जाऊन पेटीत टाकून आले. परत आले तेव्हा चेहरा अगदी उतरला होता. धैर्य दाखवलेला माणूस ताठ मानेने चालतो म्हणतात. सर त्या दिवशी बस चुकलेल्या माणसासारखे दिसत होते.

कोश सरकारी चालीने आला. सर तोवर निवृत्त झाले होते. शाळेच्या ग्रंथालयात तो जाडजूड खंड आल्याचं कळलं तशी मी त्यांना रिक्षात घालून आणलं. ‘परभणी’ उघडलं. वाक्य न् वाक्य सरांचं. ‘हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन इत्यादी’ असं होतं. म्हणजे आम्ही बाहेर आलो होतो आणि इत्यादीही राहिला होता. कोण उरलं होतं त्यात कोण जाणे. पुढे ‘सामाजिक घडामोडी’. नोंदीखाली कोरी जागा.

मी उगाच पानं उलटत राहिले. प्रस्तावनेत आभार मानले होते. मोठमोठी नावं, स्वल्पविरामासकट. आणि शेवटी, ‘मराठवाड्यातील प्राध्यापक, शिक्षक इत्यादींनीही साहाय्य केले.’

सरांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. मला वाटलं आता पेन्सिल निघणार, ग्रंथपालाशी भांडण होणार. पण सर हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईतो हसले. “आलो बाई,” म्हणाले, “आलो एकदाचा तुमच्यात.”

त्या संध्याकाळी आईने त्यांना जेवायला वाढलं. आईला मी ‘घडामोडी’ सांगितलं नाही. सरांनी तिला ते वाक्य आपल्या मूळच्या शब्दांत म्हणून दाखवलं, पुस्तकातून वाचल्यासारखं. ती म्हणाली, “बरूबर लिव्हलंय.”

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. जुनं नाव तसंच ठेवून नवं नाव त्याला जोडलं गेलं. सर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी बातमी सांगितली तर म्हणाले, “दोनी नावं ठिवली? लय बरं झालं. इत्यादी न्हाई ठिवलं.” त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले.

मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा ओसरीवर सोनपेठकडची मंडळी बसली होती. थोरले भाऊही होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली. सरांचा मुलगा आतून एक कागद घेऊन आला. गावातल्या दैनिकात द्यायची निधनवार्ता होती. म्हणाला, “बाई, तुमी एकदा नजर टाका. बाबांनी खोडलं असतं असं काई ऱ्हायला नको.” आणि त्याने सरांचीच लाल पेन्सिल माझ्या हातात दिली.

मी वाचलं. शेवटची ओळ होती, ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे, थोरले बंधू इत्यादी परिवार आहे.’

पेन्सिल आपोआप त्या शब्दावर गेली. मी विचारलं, “इत्यादीत कोण हाय?”

मुलगा गोंधळला. ओसरीकडे बघून त्याने आवाज खाली आणला. “तुमाला दुसरं कुठं घालू, बाई?”

मी तो शब्द तसाच राहू दिला आणि कागद त्याला परत दिला.