शेजारच्या खाटेची सून

"सेल्युलायटिस आहे. म्हणजे कातडीखाली पसरलेला जंतुसंसर्ग," जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "त्यात तुम्हाला शुगर. ड्रेसिंग रोज झालंच पाहिजे, नाहीतर पाय जाईल." मी असोद्याचा केळीवाला. पाय गेला तर बागेत कोण फिरणार?

डॉक्टर सांगून गेले, पण करणार कोण? दोन वॉर्ड मिळून एकच सिस्टर. इंजेक्शनं, सलाईन, नवे पेशंट, सगळं तिच्याच अंगावर. बिचारीला पाणी प्यायलाही फुरसत नसायची. दुसऱ्याच दिवशी माझं ड्रेसिंग राहून गेलं.

शेजारच्या खाटेवर धरणगावचे आबा होते. त्यांची सून सुरतला नर्स, सुट्टी काढून आलेली. सकाळचा चहा येण्याआधी आबांचं ड्रेसिंग झालेलं, चादर बदललेली. सलाईनचा वेगही तीच नळीवरचं चाक फिरवून ठरवायची. मी नुसता जळायचो. आबा सुखाने घोरायला लागले तरी मला राग यायचा.

मग आम्ही घोळ घातला. सलाईन संपली की सिस्टर ड्रेसिंगला घ्यायची. ती पलीकडच्या वॉर्डात जायच्या आत बाटली संपावी म्हणून मी बायकोला म्हणालो, "ती सून फिरवते तसं तूही चाक फिरव." बायकोने नळीवरचं चाक पुरतं सोडलं. बाटलीत अँटिबायोटिक होतं, ते सावकाश जायचं असतं. थोड्याच वेळात माझं अंग लालबुंद, खाज आणि छातीत धडधड.

"अक्का, काय करी राहिनात? बंद करा ते!" आबांची सून धावत आली. तिनेच चाक बंद केलं आणि सिस्टरला बोलावलं.

त्यानंतर सिस्टरच्या संमतीने माझंही ड्रेसिंग तीच करू लागली. मी विचारलं, "पोरी, इकडेच का नाही राहिलीस?"

"भाऊ, आठेच शिकनू, आठेच काम करं. पन काही महिनानी कंत्राटी ऑर्डर, मंग घर बसा. सुरतले कायमनी नोकरी शे."

सुट्टी संपली, ती गेली. त्या दिवशी आबा आणि मी, दोघंही दुपारपर्यंत दाराकडे बघत पडलो होतो.

माझा पाय वाचला, तो तिच्या उपकाराने. तुमच्यावर अशी वेळ आली तर त्या चाकाला हात लावू नका, आणि एकट्या सिस्टरवर ओरडू नका. आबांवरचा माझा राग केव्हाच गेला. जळणं मात्र गेलं नाही. आता सुरतच्या पेशंटांवर जळतो. आमची पोर त्यांच्या उशाशी उभी आहे.