टावेल-टोपी पुरे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर मुळीच नाही, कारण गोष्ट आमच्याच लग्नातली आहे.

नाना माझे सख्खे चुलते. वडील लवकर गेले. भडगावजवळच्या आमच्या खेड्यात नानांनीच मला वाढवलं, शिकवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मग मी धुळ्याला कारकून झालो, कोट घालू लागलो, आणि — कसं सांगू? — नानांच्या मळक्या मुंडाशाची मला लाज वाटू लागली.

सोयरीक आमच्या हेडक्लार्कनी जुळवली. मुलीकडचे जळगावचे, तालेवार. बैठकीला नाना आलेच नाहीत, कापूस वेचणीचे दिवस होते. लग्नात मुलीकडच्यांनी आमच्या माणसांचा मान करायचा असतो: मानकऱ्यांना भर मांडवात फेटा बांधतात, बाकीच्यांच्या हातात टावेल-टोपी. मुलीचे काका यादी घेऊन माझ्याजवळ आले. नानांकडे बोट करून हळूच म्हणाले, "ते कोण? फेटा ना?"

शेजारी माझ्या कचेरीतली मंडळी बसली होती, सगळी कोटवाली. मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. टावेल-टोपी पुरे."

खोटं होतं का ते? नव्हतं. तेच तर —

मग मी तिकडे पाहिलं. नानांनी आपलं मुंडासं आधीच सोडून मांडीवर घेतलं होतं. फेटा बांधायचा तर डोकं मोकळं हवं ना! आमच्याकडे म्हातारा माणूस चारचौघांत बोडका बसत नाही. नाना बसले होते — हसत, वाट बघत. फेटा बांधणारा त्यांना ओलांडून हेडक्लार्ककडे गेला. कुणीतरी नानांच्या हातात टोपी ठेवली. ती त्यांना लहान होत होती. तरी पंगतीत तीच घालून बसले.

निघताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "माले टोपीबी चालस रे भाऊ. डोकं हलकं राहस."

त्यांना कळलं होतं का, कुणी ठरवलं ते? मी कधी विचारलं नाही. छातीच झाली नाही.

तीन वर्षांनी नाना गेले. तेराव्याला भाऊबंद जमले. नानांचा मुलगा म्हणून त्यांनी मला पुढे बसवलं आणि रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर माझ्या डोक्याला फेटा बांधायला घेतला. मी मान पुढे केली आणि बांधून घेतला.