कॅप्टन टोबोचा आवाज

चहा घ्या, पण कप खाली ठेवून ऐका. मागं एकाला हे सांगताना ठसका लागलता आणि त्याचा पांढरा शर्ट कामातनं गेला. माझी फजिती अख्ख्या हॉलनं बघितली, माझ्याच स्टेजवर, माझ्याच स्पीकरमधनं ऐकली. मग तुमच्यापासून काय लपवायचं?

माझा धंदा साऊंड सिस्टिमचा. कोल्हापुरात लग्न असो, बारसं असो, सभा असो, स्पीकर आमचे. उभा जन्म माइकच्या मागं गेल्यामुळं मला एक गुर्मी होती. आवाज एकदा कानावरनं गेला की मी विसरत नाही, असं मी चारचौघांत सांगायचो. मंगल, आमची बायको, म्हणायची की माझा आवाज तेवढा तुम्हाला कधी ऐकू येत नाही. पण ते सोडा.

दुसरं माझं वेड म्हणजे 'बेट'. आम्ही कॉलेजात असताना टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत डब केलेली. कुठल्यातरी उष्ण देशातलं बेट, जिकडंतिकडं माड, निळंशार पाणी आणि दर आठवड्याला एक खून. मूळ इंग्रजी नाव आमच्यात कुणालाच नीट म्हणता आलं नाही, म्हणून आम्ही नुसतं 'बेट' म्हणायचो. त्यात पोलीस अधिकारी होता कॅप्टन टोबो. शेवटी खुनी सापडला की हा त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि विहिरीच्या तळातनं यावा तशा आवाजात म्हणायचा, "ज्वार उतर चुका है, दोस्त."

म्हणजे भरती ओसरली, आता सगळं उघडं पडणार. पण हा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला. समुद्र घाटाखाली, आम्ही घाटावर, आम्हाला भरती-ओहोटी काय ठाऊक? माझा मित्र बाहुबली, त्यांची मार्केटात अडत, दारात रोज मालाच्या गाड्या उतरायच्या. त्याची ठाम समजूत होती की कॅप्टन ज्वारी उतरवल्याचं सांगतोय. खुनी सापडला आणि गाडीपण रिकामी झाली, असा तो खूश व्हायचा.

तर आता पन्नाशी उलटल्यावर कुणा पुण्यवानानं ती सगळी मालिका जुन्या कॅसेटींवरनं उतरवून इंटरनेटवर टाकली. मग काय विचारता! दर रविवारी सकाळी माझ्या गोडाऊनमध्ये पांढरा पडदा, मोठे स्पीकर आणि फुलाफुलांचे शर्ट घातलेले आम्ही तिघं. मी, गुळाचा अडत्या बाहुबली आणि भूगोलाचे प्राध्यापक मिलिंद सर. खून होतो तेव्हा सर मागचं झाड कुठल्या जातीचं ते सांगतात. बाहुबली मेलेल्या माणसासाठी दरवेळी खरं खरं हळहळतो. हळूहळू बातमी पसरली. इचलकरंजीची माणसं यायला लागली, शाहूवाडीचा एक शेतकरी भाताची लावण सोडून आला. मंगल खालनं चहाची किटली पाठवायची आणि बरोबर निरोप, की बालवाडी सुटली की सांगा.

अशात एक दिवस दुकानात एक वयस्कर गृहस्थ आले. गळ्याला मफलर, हातात छत्री. म्हणाले, नातीचं बारसं आहे, छोटासा स्पीकर हवा.

माझ्या हातातली केबल गळून पडली. तोच आवाज. विहिरीच्या तळातनं आलेला.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, तुम्ही मूळचे कुठले. नाव वसंतराव. आयुष्य मुंबईत गेलं, आता मुलाची बदली इकडं झाली म्हणून आले. काम काय करत होता? तर म्हणाले, बाहेरच्या मालिकांना आवाज द्यायचो. मी 'बेट'चं नाव काढलं, माडांचं, होड्यांचं वर्णन केलं. त्यांचा चेहरा उजळला.

"हो हो, ती! तिच्या प्रत्येक भागात होतो मी," ते म्हणाले. "पण माझं काम म्हणजे..."

आता खरं सांगा, इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? पुढचं ऐकून घेतलं असतं. मी त्यांचे पाय धरले. ते 'अहो, अहो' करत राहिले, पुन्हा म्हणाले की पण मी म्हणजे तसा... मी म्हटलं, काही बोलू नका, मोठी माणसं अशीच असतात, आणि मफलर बघून मनात म्हटलं, बघा, ह्या वयातसुद्धा गळा कसा जपलाय.

ते गेले आणि मी शटर अर्धं ओढून बाहुबलीला फोन लावला. लगेच दुसरा सरांना. मिलिंद सरांनी शांतपणे विचारलं, खात्री आहे ना. मी म्हटलं, सर, माझा कान हाय त्यो. झालं, सत्कार ठरला. सरांनी मानपत्र लिहिलं, त्यात 'सागराच्या गांभीर्याचा स्वर' असे शब्द घातले. बाहुबलीनं गुळाच्या ढेपीवर माड कोरून घेतला. स्टेजमागं एवढा मोठा फलक लागला : 'कॅप्टन टोबोचा आवाज, आता आपल्या कोल्हापुरात!'

मधे मी सत्काराचं आमंत्रण द्यायला वसंतरावांच्या घरी फोन केला तर सून म्हणाली, निरोप सांगते, पण बाबांना डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय. मला भरून आलं. आमच्यासाठी आवाज राखून ठेवतायत!

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च. सगळे फुलाफुलांच्या शर्टात, जणू बाग उठून खुर्च्यांवर बसली होती. मी माझे सगळ्यात भारी स्पीकर लावलेले, खर्ज वाढवून ठेवलेला, वर थोडा घुमारा, म्हणजे इको. वसंतराव आले तेव्हा दारात हलगी कडाडत होती. त्यांनी माझ्या कानाशी काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. मी हसून मान डोलावली.

स्टेजवर फेटा बांधताना ते वळले आणि त्यांनी फलक वाचला. चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, भारावले.

माइक त्यांच्या हातात दिला. बाहुबलीनं आधीच रुमाल काढलेला. आणि त्या माझ्या भारी स्पीकरमधनं आवाज आला, बारीक, पातळ, बासरीला सर्दी झाली तर येईल तसा.

"मंडळी, माफ करा," ते म्हणाले. "मी कॅप्टन टोबोचा आवाज नव्हे."

मी पळत जाऊन मशीनची बटणं बघितली. बटणं ठीक होती. बिघाड माझ्यात होता.

त्यांनी सगळं सांगितलं. दुकानात आले तेव्हा घसा पार बसला होता, म्हणून तो खर्ज. आता बरे झाले, हा त्यांचा नेहमीचा आवाज. टोबोचं काम दुसऱ्या कलाकारानं केलं, ते केव्हाच वारले. मग तुम्ही कोण, असं कुणीतरी मागनं विचारलं.

"प्रत्येक भागात सुरुवातीला जो मरतो ना, त्याची किंकाळी माझी. दुसरं काही नाही." ते थांबले. "मी सांगायचा प्रयत्न केला होता. हा फेटा माझा नाही."

आणि त्यांनी फेटा काढून टेबलावर ठेवला. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी स्पीकरसकट आत गेलो असतो. म्हाताऱ्या माणसाला बोलावून, चारशे डोळ्यांसमोर, त्याच्याच तोंडून 'मी कुणी नव्हे' असं वदवून घेतलं मी. ते छत्री शोधायला लागले.

तेवढ्यात बाहुबली उठला. रुमाल तसाच हातात, डोळे लाल.

"थांबा पावणं," तो म्हणाला. "तुमी मेलाच न्हाईसा तर त्यो टोबो काय करणार हुता? घरात बसून शेंगा सोलणार हुता व्हय? समदी मालिका तुमच्या जिवावर चाललीया. फेटा घाला."

हॉल जो फुटला! टाळ्या, शिट्ट्या, हलगीवाला आत घुसला. मिलिंद सरांनी मानपत्रातला 'स्वर' खोडून पेनानं 'आर्त स्वर' केलं आणि स्वतःच्या हातानं फेटा पुन्हा चढवला. मग मागणी आली, एक किंकाळी होऊन जाऊ दे. वसंतरावांनी संकोचून विचारलं, कुठली? होडीतनं पडणारा, साप चावलेला, की डोक्यात नारळ बसलेला?

सगळे म्हणाले, नारळ.

त्यांनी श्वास घेतला, आणि मी सांगतो, त्या बारीक गळ्यातनं जे निघालं त्यानं माझ्या स्पीकरांची छाती हादरली. शेजारच्या हॉलात साखरपुडा चालू होता. तिथली माणसं हातात ताटं घेऊन पळत आली, नवरामुलगा सगळ्यात पुढं. त्यांना समजावून सांगितलं तर तीही बसली. मग साप झाला, होडी झाली, कड्यावरनं ढकललेला सावकार झाला. वसंतराव एकेक मरत होते आणि मरणागणिक तरुण दिसत होते. बाहुबली प्रत्येकाला हळहळत होता.

शेवटी आभाराला मला उभं केलं. मी म्हटलं, चूक माझी, कान माझा, वसंतरावांची माफी मागतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नमस्कार करत करत मी मागं सरकलो, आणि माझ्याच माणसांनी आंथरलेल्या माझ्याच वायरीत माझा पाय अडकला. माइकसकट मी स्टेजवरनं उताणा खाली. तोंडातनं जे निघायचं ते निघालं, "आयाऽऽई गंऽऽ, मेलो की!" आणि घुमारा चालूच असल्यामुळं ते तीनदा निघालं.

लागलं काही नाही, खाली फुलांच्या पाट्या होत्या. डोळे उघडले तर स्टेजच्या कडेला वसंतराव वाकून, अगदी कसबी कारागिरासारखे, माझ्याकडं बघत होते.

"सूर चांगला लागला," ते म्हणाले. "दमही आहे तुमच्याकडे. पण 'आई गं' नका म्हणत जाऊ. बेटावर मराठी कोण बोलतं?"