एका चिमटीचा निकाल

मी किसनराव. अकोल्याच्या जिनिंगात बत्तीस वर्षं कापसाची ग्रेड सांगतली. गाडी आली की मूठभर कापूस घ्याचा, चिमटीत धागा ओढाचा अन् तोंडानं सांगाचं, हा एकोणतीस मिलिमीटर, हा सत्तावीस. माया शब्दावर शेठही बोलत नसे अन् शेतकरीही. हे मी फुशारकी म्हणून नाई सांगून राहिलो. पुढं मी काय नालायकपणा केला ते नीट समजावं म्हणून सांगतो.

शालू आमच्याकडं आली ती मशीनवर. बीएस्सी झालेली, नवरा प्रीतम वीज खात्यात लाइनमन, घर बुद्धविहाराच्या गल्लीत. धाग्याची लांबी मोजाचं मशीन ती चालवे. काम नसलं की माया बाजूले येऊन उभी राहे अन् मायी बोटं पाहे. एक दिवस मी गाडीची ग्रेड सांगतली तर म्हणते, "काका, खालचाही पाहा ना."

"मले शिकवून राहिली काय तू?" मी म्हणलं.

ती गाडीपाशी गेली. कोपरापर्यंत हात गाडीत घातला, मधून एक, खालून एक, कोपऱ्यातून एक, असा तीन जागचा कापूस काढून मायापुढं धरला. वरचा झकास होता. खालची ताडपत्री फाटून खालचा पार ओला झाला होता. चारचौघांत मायं तोंड एवढंसं झालं, पण पोट्टी खरी होती. त्या दिवसापासून मी तिले हातानं पाहाले शिकवलं. धागा चिमटीत सरळ कसा कराचा, सरकी दातानं फोडून ओल कशी समजते, सगळं. मी रिटायर झालो तवा शेठनं मायी खुर्ची तिले देली.

बाई ग्रेडर म्हणून सुरुवातीले लोकं कुरकुरले. रांगेतून ओरडत, "बाई, आटपा ना लवकर." ती मान वर न करता म्हणे, "एका चिमटीवर भाव सांगत नाई मी. घाई असंल तर दुसरं जिनिंग पाहा." कोणी गेलं नाई. दोन हंगामांत तेच लोकं आपली गाडी तिच्यापुढं पहिले लागावी म्हणून पहाटेच येऊ लागले.

मंग यंदा दसऱ्याच्या आसपास एक दिवस दुपारी ती माया घरी आली. रुमालात कापसाचे दोन पुंजके होते. समोर ठेवले अन् म्हणते, "काका, यातला लांब कोणता?"

मले वाटलं थट्टा करून राहिली. दोघांत तीन मिलिमीटरचा फरक, आंधळ्यालेही समजंल. मी सांगतलं तर तिच्या डोळ्यात पाणी आलं. "मले समजून नाई राहिलं," म्हणते. "उजव्या हाताले हातमोजा घातल्यासारखं वाटते. मुंग्या तर महिन्याभरापासून आहेत. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट उतरते. अन् छातीभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखं."

तिनं फोनवर वाचलं होतं. आपल्याच अंगातली आजाराशी लढणारी ताकद आपल्याच नसांचं वरचं कव्हर खाते, असा एक आजार असते म्हणे. मल्टिपल स्क्लेरोसिस. एमएस. नाव सांगतानी तिचा आवाज बारीक झाला. "त्याच्यात माणूस खुर्चीवर बसते काका, चाकाच्या. मले लय भेव वाटून राहिलं. घरी कोणाले सांगतलं नाई अजून. तुमीही सांगू नका."

अन् मी काय केलं? बत्तीस वर्षांचा जाणकार मी. तिचा हात हातात घेतला, बोटं दोनदा दाबली अन् सांगून मोकळा झालो. "वारं गेलं हाताले. एका गावातला बाबा लकव्याचं औषध अन् गंडा देते, शनिवारी जाऊ."

"मी नाई येत," म्हणते. "गंडे बांधून घ्याले शिकली काय मी एवढी? डॉक्टरकडं जाऊ म्हणा, मंग या सोबत."

मी सोबत गेलो, पण त्याच्या आधी एक काम केलं. चहाच्या टपरीवर शेठ भेटला अन् मी त्याले सांगून टाकलं की शालूचा हात गेला, एमएस का काय आहे. पोट्टीचं भलं करून राहिलो असं तवा मनाले समजावलं. खोटं आहे ते. शेठ म्हणते, "मंग हंगामाले तुमीच या किसनराव," अन् माया काळजात दिवाळी झाली. मले ती खुर्ची पाहिजे होती. घरी बसून बसून मी कुजून राहिलो होतो, अन् तिच्या दुखण्यातून मले वाट दिसली. हे मी कोणाले सांगतलं नव्हतं, आज सांगतो.

अमरावतीले आमी तिघं गेलो, ती, प्रीतम अन् मी. प्रीतमले तिनं आदल्या दिवशी सांगतलं, तो बिचारा रात्री जेवला नाई. मानेचा एमआरआय झाला, डोक्याचा झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं, रक्त तपासलं. नसांचे डॉक्टर तरुण होते. फोटो दिव्यापुढं धरून म्हणाले, मानेतून खाली जाणाऱ्या नसांच्या दोरीवर एक डाग आहे. डोकं साफ आहे. पाण्यात पक्कं काही निघालं नाई.

"मंग एमएस आहे का नाई?" प्रीतमनं विचारलं.

"आज सांगता येत नाई. एक डाग आहे अन् एकदाच झालं आहे. ते नाव द्याले दुसऱ्या जागेचा किंवा दुसऱ्या वेळचा पुरावा लागते. कदाचित पुन्हा कधीच होणार नाई, कदाचित होईलही. पाच दिवस सलाइनमधून औषध देतो. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू. मधात काही नवं वाटलं तर तसेच या."

प्रीतमचं तोंड पडलं. त्याले हो किंवा नाई पाहिजे होतं. शालू मात्र ताठ बसली. "म्हणजे माया अंगाची गाडी अजून पाहून झाली नाई," ती डॉक्टरले म्हणाली. डॉक्टरले समजलं नाई. मले समजलं, अन् कान गरम झाले.

परतताना गाडीत ती खिडकीकडं तोंड करून रडली. मूर्तिजापूर आलं तवा डोळे पुसले. "भेव तर वाटणारच," प्रीतमले म्हणाली. "पण ते मी कामावर बसून सोशीन. घरी बसून नाई." मंग पाच दिवसांच्या सलाइननं करंट कमी झाला, पट्टा सैल झाला. हात मात्र अर्धाच आला.

दिवाळीनंतरच्या सोमवारी ती जिनिंगात आली तवा खुर्चीवर मी बसलो होतो. बारा गाड्या रांगेत होत्या. शेठ पुढं झाला, आवाज मऊ करून म्हणते, "शालूबाई, तुमाले एमएस आहे म्हणे. लकव्याच्या हातानं एवढा माल कसा पाहाचा? आराम करा. किसनराव आहेत."

तिनं मायाकडं पाहिलं. "काका, तुमी सांगतलं?"

"हो," मी म्हणलं.

"डॉक्टरनं नाव देलं नाई. एवढ्या मशिनी घेऊन बसला तो, तरी म्हणते थांबा. अन् तुमी दोन बोटं दाबून निकाल देला? माया हाताचा?" ती ओरडली नाई. सगळ्या रांगेले ऐकू जाईल एवढंच बोलली. "शेठ, मी आजारी आहे हे खरं. किती आजारी, ते अजून कोणालेच माहीत नाई. माहीत होईल तवा तुमच्याआधी मीच उठीन. आज नाई उठत."

अन् ती पहिल्या गाडीपाशी गेली. डावा हात कोपरापर्यंत आत घातला. तीन जागचा कापूस काढला. धागा डाव्या चिमटीत ओढला, उजव्या हातानं नुसता आधार देला. वेळ लागला, बोटं नवशिक्यासारखी चालून राहिली होती. सरकी दातात फोडली. "अठ्ठावीस," म्हणाली, "अन् ओल आठ टक्के. मशीनवर लावा." मशीननं अठ्ठावीसच्या वर थोडं दाखवलं. दुसऱ्या गाडीले ती एक मिलिमीटर चुकली. मशीनचा आकडा यायच्या आधी तिनंच हात वर केला, "थांबा, परत पाहू द्या," अन् परत पाहून नीट सांगतलं.

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "बाईच पाहू द्या शेठ. आमाले वेळ आहे." शेठ मागं सरकला.

मंग पावती लिहाची वेळ आली. तिनं पेन उजव्या हातात धरला अन् तो पडला. उचलला, पुन्हा पडला. डाव्या हातानं लिहून पाहिलं, लहान लेकरासारखे आकडे निघाले. आता सगळे तिच्या हाताकडं पाहून राहिले होते, शेठही. तिनं पेन परत उजव्या हातात घेतला अन् तो खाली पडला.

मी खुर्चीवरून उठलो. ती तिच्याकडं सरकवली, बाजूचं स्टूल ओढून त्याच्यावर बसलो अन् खाली पडलेला पेन उचलला.

"पावत्या मी लिहितो," मी म्हणलं.

ती लवकर बसली नाई. "तुमच्यावरचा राग गेला नाई मायावाला," म्हणते.

"राहू दे. तो तू ठेव."

ती बसली. पुढच्या गाडीवाल्याले हातानं बोलावलं अन् मायाकडं न पाहता म्हणाली, "लिहा. पहिली गाडी अठ्ठावीस, ओल आठ. अन् अक्षर नीट काढा."

मी नीट काढलं.