दामिनीची डेंग्यूची पट्टी

दिघोरीत रसायनशास्त्र म्हणजे खत आणि फवारणी, एवढीच समजूत. त्यामुळे पुंडलिकरावांची दामिनी भंडाऱ्याच्या कॉलेजात नेमकं करते तरी काय, हे गावाला सांगायला तिच्या काकूंनी, आनंदाबाईंनी, सोपी युक्ती काढली होती. "आमची पोरगी रक्ताचा थेंब पाहून ताप ओळखते."

इतकं सोपं ते कुठलं असायला! बोटभर पट्टीवर सोन्याचा पातळ थर, त्यावर डीएनएचे आखूड धागे. रक्तात डेंग्यूचा विषाणू असला, की त्याचा धागा या धाग्याला बिलगतो आणि यंत्राच्या पडद्यावर रेघ उडी घेते. या एका रेघेपायी दामिनीनं सहा वर्षं स्थळं, सण, झोप सगळं बाजूला सारलं. रेघ मात्र ढिम्म हलत नव्हती.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर ती जराशी हलली. दामिनीबाईंचा आनंद गगनात मावेना. खंडेनवमीला लोक विळे, कोयते, ट्रॅक्टर पूजतात. एरवी पूजाअर्चेची थट्टा करणाऱ्या दामिनीनं त्या दिवशी पट्ट्यांचा डबा उघडला, चिमूटभर हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि डबा झटकून कपाटात ठेवला.

चौथ्या दिवशी आनंदाबाईंच्या यजमानांना, टिकाराम काकांना, ताप भरला. बांधावरचं गवत कापून आले होते. दामिनी यंत्र घेऊन दिघोरीला त्यांच्या घरी गेली. पट्टीला अजून मान्यता नव्हती. शिवाय आधी नुसत्या पाण्याचा थेंब टाकून पट्टी पारखायची असते, तेही उतावीळपणात राहिलं. रेघेनं अशी उडी घेतली की दामिनीचे डोळे भरून आले. काका तापानं फणफणताहेत आणि ही आनंदानं रडतेय! ते आठवलं की तिला आजही स्वतःची चीड येते.

"डेंग्यू होये," ती म्हणाली. "पाणी पाजत राहा. उतरन."

गावातली आरोग्यसेविका रिता भंडाऱ्याला न्या म्हणून सांगून गेली. आनंदाबाईंनी तिला वाटेला लावलं. "काहून नेऊ? आमच्या दामिनीनं तपासलं ना."

तापाच्या पाचव्या दिवशी काका माणसं ओळखेनासे झाले. मग भंडाऱ्याला धावाधाव. डॉक्टरांना काखेत काळी खपली दिसली. स्क्रब टायफस. गवतातला बारीक कीटक चावून येणारा ताप. वेळेत दिल्या तर साध्या गोळ्यांनी बरा होतो.

दामिनीनं त्याच दिवशी प्रयोगशाळेत एका पट्टीवर नुसतं पाणी टाकलं. रेघेनं उडी घेतली. दुसरीवरही, तिसरीवरही. नव्या डब्यातल्या पट्ट्या गप्प होत्या. जुन्या डब्याच्या खाचेत पिवळी पूड होती. हळदीचा रंगही यंत्रात अशीच रेघ उठवतो, हे तर ती स्वतःच मुलांना शिकवायची.

नागपूरचे तिचे मार्गदर्शक फोनवर म्हणाले, "पट्टी घरी वापरली, हे कुठे बोलूच नका. औषध सुरू झालं ना? संपलं." तिला क्षणभर हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

काकांचा जीव वाचला, पण मूत्रपिंडांचं डॉक्टर काही सांगेनात. डायलिसिस सुरू होतं. वॉर्डाबाहेर बाकावर आनंदाबाई नातीला, गुड्डीला, मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काकू, काकाले डेंग्यू नव्हताच. माही पट्टी चुकली."

"मशीन होये बाई, चुकते. तू नाही चुकत." काकूंनी गुड्डीचा हात पुढे केला. "हिचं आंग कालपासून तपून राहिलं. पाह्य ना जरा."

दामिनीनं गुड्डीचं बोट हातात धरलं. आता गप्प राहिली असती तरी कुणाला कळलं नसतं.

"मशीन नाही, मी चुकली," ती म्हणाली. हळद, पाणी, सगळं सांगितलं. "रितानं सांगितलं तवाच आणलं असतं, तर काका आज घरी असते. माह्यामुळे पाच दिवस गेले."

आनंदाबाईंनी गुड्डीचं बोट दामिनीच्या हातातून सोडवून घेतलं, पोरीला कडेवर घेतलं आणि केसपेपरच्या खिडकीकडे निघाल्या.

"मी येतो संगं," दामिनी उठली.

"नोको," काकू मागे न बघता म्हणाल्या. "डॉक्टरले दाखवतो."

हेच व्हायला हवं होतं, हे दामिनीला कळत होतं. तरी ती त्याच बाकावर बसून ओक्साबोक्शी रडली.