सूर्यावर भुंकणारी कुत्री

रुचिरा इथे सौदीत, खफजीला राहायला आली, तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. लपवायचं कशाला? बारा वर्षं आमच्या कंपाऊंडमध्ये ट्यूशन म्हटलं की शरीफाचंच, म्हणजे माझंच दार. मी रत्नागिरीची, बीएस्सी, गणितात कॉलेजात पहिली. आणि ही कालची नाशिकची बाई दारावर कागद चिकटवते, 'चिनी शिका'! तिचा नवरा श्रीकांत समुद्रातल्या तेलाच्या कामावर. त्याआधी चार वर्षं दोघं चीनमध्ये होते म्हणे. म्हणे!

इथे शाळांतून चिनी यायला लागलंय, नवऱ्यांच्या साइटवर चिनी साहेब आलेत, मग काय, आया धावल्या. माझ्याकडे अकरा मुलं होती, सहा उरली. तेही गिळलं असतं मी. पण माझी स्वतःची इकरा! माझ्यापुढे गणितं सोडवताना जांभया देणार आणि तिच्याकडे दहा मिनिटं आधी पळणार. घरी आली की "रुचिरा आंटी सेज" सुरू. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझ्या.

एक दिवस तिची वही उघडली. चार चिनी अक्षरं, खाली अर्थ: चीनच्या शू प्रांतातली कुत्री सूर्यावर भुंकतात.

"कुत्री? हे शिकवते तुझी आंटी?"

"अम्मी, इट्स फेमस," इकरा म्हणाली. "उधर हमेशा ढग आणि धुकं असतं. सूर्य कधीतरीच दिसतो, मग कुत्री घाबरून भुंकतात. आपल्याला माहीत नाही ते दिसलं की जो उगाच ओरडतो ना, त्याला असं म्हणतात."

मला तर आयतंच सापडलं. बायकांच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, "बायांनो, कुत्र्यामांजरांच्या गोष्टी चिनी म्हणून खपवतेय ही. तिला खरंच येतं का, बघा जरा." वहीच्या पानाचा फोटो शाहिदला, माझ्या नवऱ्याला, पाठवला. म्हटलं, तुमच्या ऑफिसातल्या त्या चिनी माणसाला, चेनला विचारा, म्हणजे पुरावाच हातात येईल.

पुराव्याची वाट कोण बघतंय? एकीने मूल तिच्या क्लासातून काढलं, मग दुसरीने. दोन आठवड्यांत रुचिराच्या दारावरचा कागद गेला. माझी पाच मुलं परत आली. त्या शुक्रवारी मी खुशीत सांदणं केली.

जेवताना शाहिदचा फोन वाजला. चेनचं उत्तर. तो मोठ्याने वाचून सांगायला लागला.

"म्हणतोय, अर्थ एकदम बरोबर, शिकवणारी चांगली दिसते. हजार-बाराशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका माणसाने शिष्य घेतले, स्वतःला गुरू म्हणवलं, तर लोक त्याची टवाळी करायला लागले. तेव्हा त्याच्या मित्राने एका पत्रात या कुत्र्यांबद्दल लिहिलं. पुढे लिहिलंय, एकदा दक्षिणेत बर्फ पडला. तिकडच्या कुत्र्यांनी बर्फ कधी पाहिलाच नव्हता. बर्फ पूर्ण जाईपर्यंत ती दिवसचे दिवस भुंकत राहिली."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. शाहिदला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, तो सांदण मोडत होता. पण ग्रुपवरचा माझा आवाज इकराने मैत्रिणीच्या आईच्या फोनवर ऐकलेला होता. तिने ताट सरकवलं.

"स्नो खलास, अम्मी. आंटीचा क्लास बंद," एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

मी तशीच खरकट्या हाताने बसून राहिले. पाच मुलं परत मिळवली होती मी, आणि माझी एकुलती एक माझ्या ताटावरून उठून गेली होती.

त्याच दुपारी रुचिराची बेल वाजवली. तिने दार उघडलं, पण 'या' म्हणाली नाही.

"इकराला परत शिकवशील?" मी विचारलं.

"इकराला शिकवेन, भाभी. तिचा काय दोष?" ती म्हणाली. "पण जे तुम्ही ग्रुपवर बोललात, ते ग्रुपवरच निस्तरा. लिहून नको, तुमच्या आवाजात."

मेलीने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. वाटलं, पाठ फिरवावी आणि घरी जावं. पण घरी इकरा होती.

तिच्या दारातच फोन काढला. तीनदा बोलले, तीनदा पुसलं. प्रत्येक वेळी काहीतरी सबब निघत होती तोंडातून. चौथ्यांदा सगळं सोडलं आणि बोलले, "रुचिराचं चिनी खरं आहे. मी जळत होते."

पाठवून टाकलं. तरी तिच्याकडे वर बघवेना, कारण जळत अजूनही होतेच.